भंगारात काढायच्या आधी एक पेन ड्राइव्ह लावून बघा

१४ ऑक्टोबर २०२५ पासून आपल्या भागात एक वाक्य फार ऐकू येऊन रायलं. "भाऊ, हे मशीन आता संपलं. विंडोज दहा बंद झालं नं!" दुकानदार म्हणतो, क्लासवाला म्हणतो, शाळेतले बाबू म्हणतात, आणि ज्यांनी आयुष्यात संगणकाचं झाकण उघडलं नाही असे संस्थेचे सचिवही म्हणतात. टेलिफोन एक्स्चेंज चौकात ऐकलं, इतवारीत ऐकलं, वर्धमाननगरात ऐकलं. सूर एकच. जुनं काढा, नवीन घ्या.

आजची पोस्ट या वाक्याच्या विरोधात आहे. लांब आहे, राजेहो. चहा घेऊन बसा.

पहिले खरं काय झालं ते बघू. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मोफत सुरक्षा दुरुस्त्या देणं थांबवलं. बस. त्या रात्री कुणाच्या मशीनमधला एक स्क्रूही सैल झाला नाही. प्रोसेसर तोच, रॅम तीच, डिस्क तीच. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं तेव्हाच कंपनीने अटी घातल्या होत्या: टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप पाहिजे, सिक्युअर बूट पाहिजे, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. ही आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. म्हणजे २०१६ साली चांगले पैसे मोजून घेतलेला आय-फाइव्ह, ज्याच्यावर आजही टायपिंग होतं, फॉर्म भरता येतात, व्हिडिओ चालतो, तो कंपनीच्या लेखी म्हातारा झाला. घरगुती ग्राहकांना वर्षभराची वाढीव मुदतही दिली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ३० डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आपल्या सेटिंग्जचा बॅकअप चालू करा. हे दुकानात तुम्हाला कुणी सांगितलं? मला तरी कुणी नाही सांगितलं.

आता कुणी म्हणेल, मग चालू द्या ना जुनं विंडोज तसंच. तसं मी म्हणत नाही. दुरुस्त्या बंद झालेल्या मशीनवर इंटरनेट जोडून बँकेचे व्यवहार करणं म्हणजे दाराला कडी न लावता गावाला जाणं. कंपनीचा सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही. खोटा आहे तो त्यातून काढलेला निष्कर्ष, की म्हणून डबा फेका.

लकडगंजात राहणाऱ्या माणसाला तर हे सांगायचीच गरज पडू नये. आपल्या वस्तीचं नावच लाकडावरून. जुना वाडा पडला की त्याच्या तुळया, चौकटी, दारं कुणी जाळायला नेत नाही. जुनं सागवान तासून, खिळे काढून पुन्हा विकायला उभं राहतं, आणि जाणकार गिऱ्हाईक नव्यापेक्षा त्यालाच हात लावून बघतं. त्याच गल्लीत आठ-नऊ वर्षांचा धडधाकट संगणक किलोच्या भावाने जातो.

पर्याय लिनक्सचा आहे, हे आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्याने सुरू केलेली गोष्ट. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा तोच, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत ताकदवान ५०० महासंगणकांच्या यादीतलं प्रत्येक मशीन त्याच्यावरच चालतं. फुकट आहे, रोजच्या कामाला पुरतो. त्याचं कौतुक मी इथंच थांबवतो, कारण माझं भांडण लिनक्सवाल्यांशीही आहे.

हे लोक छातीठोक सांगतात, "सोपं आहे हो, पेन ड्राइव्हवर टाका आणि इन्स्टॉल करा. वीस मिनिटं." आणि निघून जातात. ज्याला सांगितलं तो बिचारा पेन ड्राइव्ह लावतो, मशीन सुरू करतो आणि काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळ येते. विचारायला गेलं तर उत्तर मिळतं, "गुगल कर." मग तो दुकानात जातो. तिथं वाक्य तयारच असतं. "बोललो होतो नं, मशीन संपलं."

म्हणजे गाडी अडते ती लिनक्समध्ये शिरल्यावर नाही. दारातच अडते. बूट होताना. त्या पहिल्या दोन मिनिटांत. आणि त्या दोन मिनिटांबद्दल मराठीत कुणी नीट बोलत नाही, म्हणून लाखांची बिलं निघतात.

आमच्या भागात एक अभ्यासिका आहे. नाव मुद्दाम देत नाही. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची तयारी करणारी पोरं-पोरी तिथं बसतात. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांच्यासाठी सहा मशीन होत्या, २०१६ साली देणगीतून घेतलेल्या. फॉर्म भरा, हॉल तिकीट काढा, जुने पेपर बघा. मागच्या हिवाळ्यात सहाही मशीनवर कापड टाकलेलं दिसलं. पुरवठादाराने सांगितलं होतं की आता हे चालवणं धोक्याचं. नवीन सहा, प्रत्येकी ३८ हजार. एकूण २ लाख २८ हजार. जुन्यांचे मशीनमागे पाचशे वळते करून देऊ म्हणाला, उपकार केल्यासारखं. समितीकडे तेवढे पैसे नव्हते. म्हणून कापड. पोरी पुन्हा मोबाइलवर बोटं आपटत सरकारी फॉर्म भरत होत्या, फोटोचा आकार बसत नाही म्हणून सायबर कॅफेत पन्नास-पन्नास रुपये देत होत्या.

तिथल्याच एका डिप्लोमाच्या पोराने लिनक्सचा प्रयत्न केला होता. नाही चाललं. समितीच्या वहीत नोंदही झाली: "लिनक्स या संगणकांवर चालत नाही." मी पत्रकारितेची पदविका घेतलेला माणूस, इंजिनिअर नाही. पण गेली पंधरा वर्षं आमच्या साप्ताहिकाच्या मशीन मीच उघडतो-लावतो, त्यामुळे "चालत नाही" हे वाक्य मला पुरत नाही. का चालत नाही, कुठं थांबलं, पडद्यावर काय लिहून आलं? बातमीत विचारतो तेच प्रश्न. तीन रविवार त्या पोरासोबत बसलो.

पहिल्या मशीनचं कारण तर पेन ड्राइव्हच होतं. लिनक्सची जी फाइल उतरवून घेतात तिला आयएसओ प्रतिमा म्हणतात, अख्ख्या चकतीची हुबेहूब नक्कल. पोराने ती फाइल गाण्यासारखी कॉपी-पेस्ट केली होती. पेन ड्राइव्हमध्ये फाइल दिसते, पण मशीनला ते सुरू व्हायचं माध्यम वाटतच नाही. घराचा नकाशा घडी करून प्लॉटवर ठेवला म्हणून घर उभं राहत नाही. ती प्रतिमा रूफस किंवा बलेना एचरसारख्या साधनाने "लिहावी" लागते. बरं, लिहिली. तरी मध्येच अडकलं. मग फाइल तपासली. प्रत्येक चांगली संस्था प्रतिमेसोबत एक लांबलचक आकडा देते, शा-२५६ नावाचा. उतरवलेल्या फाइलचा आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे. आमचा जुळला नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवताना फाइल अर्धवट झाली होती. दुसऱ्यांदा उतरवली, आकडा जुळला, मशीन उठली. यात मशीनचा दोष किती? शून्य. अडीच-तीन जीबीची फाइल उतरवून आकडा न जुळवता पुढे जाणं म्हणजे किराणा न मोजता घेऊन येणं. पण हे त्या पोराला तीन वर्षांच्या डिप्लोमात कुणी सांगितलं नव्हतं, हे लिहून ठेवा.

दुसरी मशीन वेगळीच. लिनक्स चढलं, सगळं छान, "रीस्टार्ट करा" आलं, केलं आणि पडद्यावर: नो बूटेबल डिव्हाइस. ही जागा समजून घेण्यासारखी आहे, कारण सगळ्यात जास्त लोक इथंच हरतात. संगणक सुरू व्हायच्या दोन पद्धती आहेत. एक जुनी, तिला लेगसी म्हणतात. दुसरी नवी, यूईएफआय. त्या काळातल्या पुष्कळ मशीनना दोन्ही येतात. एफ-१२ दाबून जी यादी उघडते तिच्यात एकच पेन ड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा पुढं "यूईएफआय" लिहिलेला. नुसता निवडला तर इन्स्टॉलर जुन्या पद्धतीने सुरू होतो आणि लिनक्स जुन्याच पद्धतीने बसवतो. मशीन मात्र डिस्कवरून नव्या पद्धतीने उठायला बसलेली. दोघांची गाठच पडत नाही. उपाय? पुन्हा तोच पेन ड्राइव्ह, फक्त यादीतली दुसरी ओळ. वीस मिनिटांचं काम. या एका ओळीच्या फरकासाठी ३८ हजार मागत होते.

तिसऱ्या मशीनच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. सेटअपमध्ये गेलो तर साटा मोड "रेड" वर होता, तो "एएचसीआय" केला, डिस्क हजर. (ज्यांना त्याच डिस्कवरचं विंडोजही ठेवायचं आहे त्यांनी हे डोळे मिटून करू नका. तयारी न करता मोड बदलला तर विंडोज उठणार नाही. आमच्याकडे विंडोज ठेवायचंच नव्हतं.)

चौथ्या मशीनने लाल चौकट दाखवली. सही अवैध आहे, सिक्युअर बूटचं धोरण तपासा. इथं थोडं थांबतो, कारण माझा खरा राग इथं आहे.

आरागिरणीवाल्यांना हे लगेच समजेल. जंगलातून निघालेल्या सागाच्या ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा ठप्पा असतो, सोबत वाहतुकीचा परवाना, म्हणजे आपला टीपी. नाक्यावर गार्ड ठप्पा बघतो, टीपी बघतो, मगच ट्रक सोडतो. सिक्युअर बूट हेच करतं. संगणक सुरू होताना जो पहिला प्रोग्राम आत शिरतो त्याच्यावर ओळखीची सही आहे का ते बघतं. असेल तर जा, नसेल तर थांब. कल्पना चांगली आहे. चोरटा माल आत येऊ नये, कुणाला नको आहे?

पण हातोडा कुणाच्या हातात आहे? लाकडाच्या बाबतीत सरकारी खात्याच्या. जंगल आपलं, खातं आपलं, जाब विचारायला आमदार आहे, कोर्ट आहे. संगणकाच्या बाबतीत हातोडा आहे मायक्रोसॉफ्टकडे. तुम्ही आम्ही बाजारातून घेतो त्या जवळजवळ प्रत्येक पीसीत त्याच कंपनीच्या किल्ल्या भरून येतात. लिनक्सवाल्यांना सिक्युअर बूट चालू ठेवून आत यायचं तर "शिम" नावाचा एक छोटा प्रोग्राम पुढे करावा लागतो आणि त्याच्यावर सही घ्यावी लागते मायक्रोसॉफ्टचीच. स्पर्धकाच्या दुकानात शिरायचं, आणि पास देणारा शेजारचा दुकानदार.

याने काय होतं ते ऑगस्ट २०२४ मध्ये दिसलं. १३ तारखेच्या विंडोज अपडेटनंतर, ज्यांनी एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलं होतं अशा अनेकांचं लिनक्स सुरू होईना. पडद्यावर संदेश, काहीतरी गंभीर बिघडलं आहे. कंपनीने आधी म्हटलं होतं की दुहेरी व्यवस्थेच्या मशीनना हा बदल लागू होणार नाही. झाला. पक्की दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडलं. नऊ महिने! आता पुन्हा, २०११ साली बनवलेल्या त्या मूळ किल्ल्यांची मुदत जून २०२६ पासून संपायला लागते आणि त्यांच्या जागी २०२३ च्या नव्या येतात. घाबरू नका, जुन्या सहीचा चालू असलेला माल त्या दिवशी बंद पडत नाही. पण ज्या मशीनच्या आत नवी किल्ली पोहोचली नाही, ती नव्या सहीचा माल ओळखणार नाही. किल्ली पोहोचवायची ती विंडोजच्या अपडेटने किंवा मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या अपडेटने. दहा वर्षं जुन्या मशीनसाठी कुठली कंपनी अपडेट काढते ते तुम्हीच सांगा.

आमच्या चौथ्या मशीनचं पुढं काय झालं? सेटअपमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं, झालं. बहुतेक पीसीत ही सोय आहे आणि ती मालकाचा हक्क म्हणूनच आहे. जरा जुनी प्रतिमा सोडून त्याच लिनक्सची नवी आवृत्ती घेतली असती तरी कदाचित सही जुळली असती. एक मात्र ध्यानात ठेवा. मशीनवर विंडोज असेल आणि बिटलॉकर चालू असेल तर या सेटिंगला हात लावायच्या आधी त्याची रिकव्हरी किल्ली लिहून घ्या. नाही तर विंडोज ४८ आकडी किल्ली मागेल आणि तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडाल.

चार झाल्या. राहिल्या दोन.

त्या दोन आजही बंद आहेत. लिनक्स नाकारतात म्हणून नव्हे. सेटअपमध्ये शिरायलाच पासवर्ड आहे, आणि तो पुरवठादाराने टाकलेला. समितीला तो कधी दिलाच नाही. फोन केला. म्हणाला, "कंपनी पॉलिसी आहे, इंजिनिअर पाठवावा लागेल, चार्ज लागेल." मशीन देणगीच्या पैशाने घेतलेल्या, वॉरंटी कधीच संपलेली, वीजबिल अभ्यासिका भरते. आणि दाराची किल्ली अजून विकणाऱ्याच्या खिशात! जुन्या डेस्कटॉपचा पासवर्ड मदरबोर्डवरचा जम्पर हलवून उडवता येतो, पण सचिव झाकण उघडू देईनात. सील तुटेल म्हणाले. कशाचं सील, साहेब? संपलेल्या वॉरंटीचं? समितीने पासवर्डसाठी लेखी पत्र दिलं आहे. ही पोस्ट लिहीपर्यंत उत्तर नाही.

हा प्रकार एका अभ्यासिकेपुरता असता तर मी एवढं लिहिलं नसतं. आपल्याकडे किती शाळा, ग्रामपंचायती, वाचनालयं, पतसंस्था अशा आहेत ज्यांना आपल्याच मशीनचा सेटअप पासवर्ड माहीत आहे? विचारून बघा. विचारलं की समोरचा माणूस आधी "म्हणजे काय?" असं विचारेल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, म्हणजे उद्या कुणी येऊन म्हणायला नको की बघा, तुमचं लिनक्स बिघडलं. चारपैकी एक मशीन महिन्याभराने पुन्हा अडली. अपडेट चालू असताना वीज गेली. सकाळी पडद्यावर: कर्नल पॅनिक, रूट फाइल सिस्टिम जोडता येत नाही. अभ्यासिकेचे काका मला फोनवर म्हणे, "मेलं हो ते, कायचंच चालून नाई रायलं." मेलं नव्हतं. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल सुरू झाला की त्याला डिस्क वाचायची असते. पण डिस्क वाचायची अवजारं असतात त्याच डिस्कवर. कपाटाची किल्ली कपाटात, तसा पेच. म्हणून गरजेपुरती अवजारं भरलेली एक छोटी प्रतिमा आधी मेमरीत चढवतात. तिचं नाव इनिट्रामएफएस. नवीन कर्नलची ही प्रतिमा वीज गेल्यामुळे बनलीच नव्हती. सुरुवातीच्या ग्रब नावाच्या यादीत "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" असतं, त्यात आदल्या आवृत्तीचा कर्नल शाबूत असतो. तो निवडला, मशीन उठली. आत जाऊन ती प्रतिमा पुन्हा बनवायची एक आज्ञा दिली, संपलं. पोराने केलं, मी फोनवर होतो. विंडोजमध्ये असं झालं असतं तर त्याच काकांनी "फॉरमॅट मारा" म्हटलं असतं आणि कुणी विंडोजला मेलेलं म्हटलं नसतं.

आता सरकारकडे येतो. केरळने काय केलं बघा. तिथली काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती बनवते. २०१९ मध्ये दोन लाखांहून जास्त शालेय संगणकांसाठी त्यांनी उबुंटूवर आधारलेली आवृत्ती काढली आणि परवान्यांचे ३,००० कोटी रुपये वाचतील असं सांगितलं. आकडा त्यांचा आहे, त्यातला चौथा हिस्साच खरा धरा, तरी पोटात गोळा येतो. आणि तिथं शिक्षकांना आधी शिकवलं, मग मशीन दिली. 

आपण? सी-डॅकचं मुख्यालय आपल्या पुण्यात. याच सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने २००७ मध्ये बॉस नावाची भारतीय लिनक्स आवृत्ती काढली, मराठीसकट भारतीय भाषा घेऊन. तुमच्यापैकी किती जणांनी ती पडद्यावर पाहिली आहे? २०१५ मध्ये केंद्र सरकारने धोरण काढलं की सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला पसंती द्यावी, आणि ते वगळायचं असेल तर कारण द्यावं. २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारलेली माया घेतली. म्हणजे सीमेची राखण करणाऱ्या खात्याला चालतं, आपल्या शाळेतल्या बाबूला चालत नाही.

एमएस-सीआयटीचं तर काय बोलावं! २००१ पासून लाखो मराठी पोरांनी हा कोर्स केला. सरकारी नोकरीसाठी लागतो. त्यातलं "एमएस" म्हणजे महाराष्ट्र स्टेट, पण मला आजवर निदान दहा जणांनी ते मायक्रोसॉफ्ट असल्याचं ठामपणे सांगितलं आहे. त्यांना हसू नका. कोर्समध्ये जे शिकवलं त्यावरून त्यांनी काढलेला अर्थ अगदी तर्काला धरून आहे. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत मशीनच्या पोटात काय होतं याचे दोन तास त्यात घातले तर काय बिघडेल?

आक्षेप येतील, ते मला माहीत आहेत. टॅलीचं काय? ज्याचं सगळं खातं टॅलीवर आहे त्याने माझं ऐकून डेपोच्या मशीनवर लिनक्स टाकू नये, विंडोज ११ ची मशीन घ्यावी. धंद्यापेक्षा तत्त्व मोठं नाही. पण डेपोत मशीन चार आणि टॅली एकावर, हे चित्र मी कितीदा तरी पाहिलं आहे. बाकी तीन ई-वे बिल आणि ईमेलसाठी, म्हणजे ब्राउझरसाठी. छापखान्यांची गोष्टही तशीच. आमच्या धंद्यात श्रीलिपी आणि जुन्या पेजमेकरच्या फाइली आहेत, त्या मशीनला मीही हात लावलेला नाही. इंटरनेट काढून ती तशीच चालू आहे. मात्र बातम्या युनिकोडमध्ये टाइप करायला लिनक्सवर इनस्क्रिप्ट कीबोर्ड बसवलेलाच मिळतो, देवनागरी चांगली दिसते, ही पोस्टही त्याच्यावरच लिहितोय.

"पोरांना नोकरीत विंडोजच लागतं." हा शेवटचा आक्षेप. पोरीला आज हॉल तिकीट काढायचं आहे हो. कापड टाकलेल्या विंडोजवर ती काय शिकणार?

म्हणून मागणी आहे, आणि ती अवास्तव नाही. सरकारी, मनपाच्या किंवा अनुदानित संस्थेतला कुठलाही संगणक भंगारात काढायच्या आधी तो लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून सुरू करून बघावा. इन्स्टॉलही करायची गरज नाही, पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला धक्का लागत नाही. चाललं की नाही, नसेल तर पडद्यावर काय आलं, हे निर्लेखनाच्या प्रस्तावात लिहावं आणि खाली तपासणाऱ्याची सही असावी. खरेदीच्या प्रत्येक निविदेत सेटअपचा पासवर्ड लेखी देण्याची अट असावी. आणि शासकीय आयटीआय, तंत्रनिकेतन इथल्या पोरांना हे काम प्रात्यक्षिक म्हणून द्यावं. शहरात एवढी कॉलेजं आहेत, पोरं प्रोजेक्ट विकत घेऊन सबमिट करतात. त्यापेक्षा दहा मेलेल्या म्हटलेल्या मशीन उठवून दाखवा म्हणावं.

मनपाच्या शाळांमध्ये किती संगणक आहेत, त्यातले किती विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत आणि त्यांचं पुढं काय ठरलं आहे, हे मी माहितीच्या अधिकारात विचारणार आहे. उत्तर आलं की इथं टाकतो. जे येईल ते.

तोवर आपण आपलं सुरू करू. येत्या रविवारी सकाळी १० ते १ तो डिप्लोमाचा पोरगा आणि मी बसणार आहोत. पैसे नाहीत. येणाऱ्यांनी इनबॉक्समध्ये कळवा, जागा सांगतो, एका दिवशी पाचच मशीन घेऊ. येताना किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह आणा, फोटो-कागदपत्रांची नक्कल आधी दुसरीकडे काढून ठेवा, बिटलॉकर असेल तर त्याची किल्ली लिहून आणा, आणि पडद्यावर जी काही ओळ येत असेल तिचा मोबाइलवर फोटो काढून आणा. सेटअपला पासवर्ड असेल तर मशीन आणायच्या आधी तो विकणाऱ्याकडून मागून घ्या. देत नसेल तर त्याच्या दुकानाचं नाव मला सांगू नका, पत्र लिहून द्या आणि पोच घ्या. पोच असली की पुढचं मी बघतो.